कुणाची गं तू

"मुलगा आहे," निरंजननं रिसीव्हर ठेवता ठेवता सांगितलं. "तेरा-चौदाचा असेल, आवाज फुटलेला वाटतो. घरातून निघून आलाय. स्वारगेटच्या स्टँडवर बसलाय आणि पुढं कुठं जायचं ते त्यालाच ठाऊक नाही."

वृंदाताईंनी चष्मा कपाळावर चढवला. नाव-गाव विचारलंस का, असं त्यांनी विचारलं नाही, कारण आमच्याकडं ते विचारायचंच नसे. फोन त्यानं ठेवला की तुटला, एवढंच विचारलं. निरंजन म्हणाला, तुटला. रुपया टाकायचा डबा होता, टुकटुक वाजलं आणि गेला. बोलणं झालं ते तीन-चार वाक्यांचं. मी घरी सांगून आलो नाही, मी परत जाणार नाही, असं काहीतरी गावाकडच्या भाषेत. निरंजननं त्याला बजावलं होतं, की अरे, आहेस तिथंच थांब, कुणाबरोबर कुठं जाऊ नकोस, आम्ही येतोच.

वृंदाताईंनी पायात चपला सरकवल्यासुद्धा होत्या. स्टँडवर एकटं बसलेलं पोर फार वेळ एकटं राहत नाही, हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. कुणीतरी जवळ येतंच, आणि ते कुणीतरी चांगलंच असतं असं नाही.

या गोष्टीला आता वीसहून जास्त वर्षं झाली. तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच खिशात मोबाइल नव्हता. 'ओसरी' हे आमच्या केंद्राचं नाव. महापालिकेच्या एका शाळेच्या मागच्या दोन खोल्या, एक टेबल, एक फोन, ज्याचा नंबर स्टँडवर चिकटवलेला असे, भिंतीला लावलेली सतरंजी आणि कायम कमी पडणारे कप. नवरा-बायकोची भांडणं, शाळा सुटलेली पोरं, पोरांशी बोलणं तुटलेले आईबाप, असं सगळं तिथं येऊन बसत असे. वृंदाताईंचा नियम एकच होता. ओसरीवर बसणाऱ्याला कारण विचारायचं नाही. त्यानं आपण होऊन सांगितलं तर ऐकायचं, नाहीतर चहा द्यायचा. आणि नाव, गाव, घराणं तर मुळीच विचारायचं नाही.

मला हा नियम फार जड जाई. मी मुरगूडच्या पलीकडची. आमच्याकडं कुणी नवं माणूस रस्त्यात दिसलं की पहिला प्रश्न तोच असतो, त्याशिवाय पुढचं बोलणंच सुरू होत नाही.

समाजकार्याची पदवी घेऊन मी ओसरीत नुकतीच लागले होते. सगळी कामं करायचे, फक्त फोनला हात लावायची मुभा नव्हती, आणि त्याला कारणही तसंच होतं. आमच्या कोल्हापूर भागात बायकासुद्धा 'मी आलो', 'मी गेलो', 'मी करतो' असंच बोलतात. माझी आजी तशी बोलायची, आई तशी बोलते, मीही तशीच बोलत वाढले. पुण्याच्या हॉस्टेलवर मुली मला "या, रत्नमालाराव" म्हणून हसायच्या. तेही मी सहन केलं. पण ओसरीत एकदा एक बाई निरंजनला नव्हे, मुद्दाम वृंदाताईंना फोन करून नवऱ्याबद्दल काही सांगत होती. मी मागून म्हटलं, "ताई, मी आलो हं चहा घेऊन." त्यात माझा आवाज मुळातच जाड. बाईला वाटलं, खोलीत कुणी पुरुष ऐकत बसलाय. तिनं फोन ठेवला आणि पुन्हा कधी केला नाही.

वृंदाताई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधी फोनची जीभ तयार कर, मग फोन घे. तेव्हापासून मी कप विसळताना 'आले, गेले, बसले' घोकत असे. शाळेचा शिपाई, लक्ष्मण, दारातून जाताना थबकायचा आणि म्हणायचा, "मॅडम, परीक्षा हाय काय?"

त्या दुपारी ती दोघं रिक्षानं स्वारगेटला गेली आणि मी राहिले. फोन वाजलाच तर थोड्या वेळानं करा एवढंच सांग, असं जाताना वृंदाताई म्हणाल्या होत्या.

फोन वाजला.

"मघाशी एक दादा बोलत हुते. त्ये हाईत काय?"

मी घोकलेल्या आवाजात सांगितलं, की ते बाहेर गेले आहेत, आपण थोड्या वेळानं फोन करावा. पलीकडं बसचा हॉर्न वाजला, कुणीतरी गाडीचं नाव पुकारत होतं.

"मघाशी मीच केलतो फोन. त्ये म्हनले हितंच थांब. मी थांबलोय. पर हितं एक बाई सारकी जवळ ईऊन बसालीया. म्हंती, चल माज्या घरला, काम दितो, जेवान दितो."

निरंजनचं काही चुकलं नव्हतं. 'आलो' म्हटल्यावर त्याच्या कानानं तिथंच निकाल लावला आणि घोगरा आवाज त्यात बसवून टाकला. माझ्या कानाला 'थांबलोय'मधून काहीच कळत नव्हतं, म्हणून मला नुसता आवाज ऐकावा लागला. तो रडून रडून घसा बसलेल्या मुलीचा आवाज होता. आणि आवाज ऐकता ऐकता माझं घर, आमची गल्ली, पाण्याला निघालेल्या बायका, सगळं एकदम समोर आलं. इतक्या महिन्यांत मला कुणी माझ्या भाषेत बोललं नव्हतं. मला इतका आनंद झाला, की उचलली जीभ लावली टाळ्याला.

"अगं, कुणाची गं तू?"

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज आला. या वेळी तो तुटला नव्हता, तिनं ठेवला होता.

मी रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. आमच्याकडं 'कुणाची गं तू' हा मायेचा प्रश्न असतो. त्याच्यामागून शेंगा येतात, गुळाचा खडा येतो. पण घर सोडून निघालेल्या मुलीला या प्रश्नाचा अर्थ एकच, की ही बाई माझ्या बापाला ओळखते. वृंदाताईंचा नियम मला त्या क्षणी जितका कळला तितका नंतरच्या कुठल्या प्रशिक्षणात कळला नाही. आता परिस्थिती अशी होती, की मुलगी घाबरलेली, तिच्या शेजारी ती बाई, आणि आमची माणसं स्टँडभर मुलगा शोधत होती.

मी किल्ली लक्ष्मणच्या हातात दिली आणि धावत सुटले.

स्वारगेटला पोचले तेव्हा निरंजन घामाघूम झाला होता. त्यानं तोवर एकट्या दिसलेल्या प्रत्येक मुलाला गाठलं होतं. एकाचा बाप लघवीला गेला होता, तो परत येऊन निरंजनच्या अंगावर धावून गेला. एकानं त्याला गोळ्याबिस्किटं विकली. वृंदाताई चौकशीच्या खिडकीशी उभ्या होत्या. मी दोघांना सांगितलं, की मुलगा नाही, मुलगी आहे.

"पण तो 'आलो' म्हणाला," निरंजन म्हणाला.

"मीपण म्हणायचे."

मी पुढचंही सांगून टाकलं, की तिचा दुसरा फोन आला होता, तो मी घेतला आणि माझ्या एका प्रश्नानं तिनं तो ठेवला. प्रश्न कुठला तेही सांगितलं. वृंदाताईंनी डोळे मिटून घेतले, पण क्षणभरच. "मग आता तूच शोध," त्या म्हणाल्या. "आम्ही मागं राहतो."

मी ती मुलगी असते तर कुठं बसले असते, याचा मी विचार केला. कोल्हापूर, गारगोटी, निपाणीच्या गाड्या लागतात तिकडं अजिबात नाही. तिथं कंडक्टरपासून उसाच्या रसवाल्यापर्यंत कुणीही ओळखीचं निघेल. अगदी दुसऱ्या टोकाला. पण एकटी नाही. एकटी बसलेली मुलगी डोळ्यांवर येते, हे कुठल्याही मुलीला शिकवावं लागत नाही. ती एखाद्या कुटुंबाला चिकटून बसेल, त्यांच्यातलीच असल्यासारखी.

सोलापूरच्या फलाटाशी एक मोठं कुटुंब बोचकी मांडून जेवायला बसलं होतं. आजोबा, दोन बायका, चार-पाच पोरं. चपात्यांची चवड हातोहात फिरत होती. त्यांच्या कडेला, त्यांच्याच बोचक्याला पाठ लावून, निळ्या ड्रेसमधली पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी बसली होती. ओढणी डोक्यावरून घेतलेली. चपाती सगळ्यांकडं जात होती, फक्त तिच्यापर्यंत येत नव्हती, आणि ती मान वळवून दुसरीकडं बघत होती.

पलीकडच्या बाकावर लाल काठाची साडी नेसलेली एक बाई पर्स मांडीवर घेऊन तिच्यावर नजर ठेवून होती. वृंदाताईंनी ते माझ्याआधी पाहिलं असावं. त्या सरळ जाऊन त्या बाईच्या शेजारी बसल्या आणि अगदी लग्नघरात भेटल्यासारखं विचारू लागल्या, की कुठं निघालात, कुठली गाडी, घरी कोण कोण असतं. नाव, गाव, घराणं, सगळं विचारलं. नियम त्यांनाही मोडता येत होता, फक्त कुठं मोडायचा ते त्यांना माहीत होतं. बाई थोड्याच वेळात उठून गेली.

मी मुलीच्या शेजारी फरशीवर बसले. म्हटलं, "मघाशी फोनवर मीच हुतो."

ती दचकली. उठायला लागली, पण बोचक्यांमधून वाट नव्हती.

"तुमी आमच्या आबास्नी वळकता?"

"न्हाई."

"मग कुणाची म्हणून का इचारलासा?"

"सवय हाय. आपल्याकडं वाट चुकलेल्या म्हशीलाबी आदी तेच इचारत्यात."

तिचं तोंड हसण्यासारखं झालं आणि मग वाकडं झालं. ती रडायला लागली. जेवणाऱ्या आजोबांनी आमच्याकडं बघितलं आणि काही न विचारता एक चपाती, त्यावर लोणच्याची फोड, अशी तिच्या हातात ठेवली. ती रडत रडत खात राहिली.

ओसरीत आल्यावर तिनं दोन कप चहा घेतला. कामासाठी आलोय, एवढंच ती सांगत होती. आम्ही आणखी काही विचारलं नाही. निरंजन तिच्याशी बोलताना 'अरे' आणि 'अगं' यांच्यामध्ये अडखळत होता, त्याचं तिला हसू येत होतं. वृंदाताई हिशेबाचं काहीतरी करत बसल्या. मी कप विसळत होते तेव्हा ती माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली आणि तिथं, नळाच्या आवाजात, तिनं मला सगळं सांगितलं.

तिचं नाव वर्षाराणी. वडील हिंदुराव दूध संघाची गाडी चालवायचे. पहाटे गावोगावच्या डेअरीवर जायचं, कॅन भरायचे, संघात पोचवायचे. त्या सगळ्या गावांत हिंदुराव म्हणजे घरचा माणूस. आई लहानपणीच गेलेली. घरात दोघंच. राणीनं दहावी व्हावं, मग नर्सिंगला जावं, हे हिंदुरावांनी प्रत्येक डेअरीवर सांगून ठेवलं होतं. हायस्कूल शेजारच्या गावात, आणि त्या वर्षी तिच्या गावातून दहावीला बसलेली ती एकटीच. निकालाच्या दिवशी फळ्यावर नंबर लागले, त्यात तिचा नंबर नव्हता. गणितात गेली होती. ती घराकडं चालत निघाली तर वाटेत डेअरीवरच आबांची गाडी उभी. सगळी माणसं किटल्या घेऊन रांगेत. आबा गाडीवरून ओरडले, "झालीस न्हवं पास?"

"समदी माज्याकडं बघालती," राणी म्हणाली. "मी काय बोललो न्हाई. नुसती मान हालली."

मान हलली ती खालीवर हलली. हिंदुरावांनी तिथल्या तिथं एकाला मुरगूडला पिटाळलं आणि पेढे मागवले. दुसऱ्या दिवशी गाडीत दुधाचे कॅन आणि पुढच्या सीटवर पेढ्यांचे बॉक्स. एकेक गाव, एकेक डेअरी. आणि आज, आठवड्यानं, मार्कलिस्ट मिळणार होतं. देवळात सत्कार ठरला होता, सरपंच नारळ देणार होते. राणी मार्कलिस्ट आणायला म्हणून निघाली आणि परत गेली नाही.

"मी नापास झालो तेचं काय न्हाई," ती म्हणाली. "पर आता आबास्नी कुठल्याबी डेरीवर तोंड दावाय जागा न्हाई. त्येंचं तोंड मी काळं केलं. मी कुणाची म्हणून सांगू?"

मी नळ बंद केला. माझ्या मघाच्या प्रश्नानं तिनं फोन का ठेवला, ते मला तेव्हा कुठं पुरतं कळलं.

घरी कळवायचं की नाही, कुणाला आणि काय, हे ओसरीत मुलं ठरवत. राणीनं बराच वेळ घेतला. शेवटी म्हणाली, डेअरीवर फोन आहे, सुखरूप आहे आणि इथं आहे एवढंच सांगा, बाकी काही सांगू नका. वृंदाताईंनी फोन उचलला, थोडा विचार केला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "फोनवर आजपासून तूही बस. 'आलो' म्हणायचं की 'आले', ते पलीकडचा माणूस ऐकून ठरव." आज मी हा फोन घेऊन म्हातारी व्हायला आले आहे, तो तेव्हापासून.

राणी रात्री वृंदाताईंच्या घरी झोपली. सकाळी ओसरी उघडायला गेले तर दाराशी पायरीवर हिंदुराव बसले होते. पायजमा, चुरगळलेला शर्ट, दाढी वाढलेली, पायांशी एक कापडी पिशवी. मला बघून उठले आणि हात जोडले. आमच्याकडं आईबापांना आणि मुलांना एकदम समोरासमोर आणत नसू. आधी दोघांचं वेगवेगळं ऐकायचं, कारण पहिल्या भेटीत तोंडून जे जातं ते परत घेता येत नाही. वृंदाताईंनी राणीला आतल्या खोलीत बसवलं आणि आम्ही हिंदुरावांपुढं चहा ठेवला. मला भीती होती ती त्यांच्या रागाची. त्यांना अजून काहीच ठाऊक नाही, आणि कळलं की हा माणूस काय करील, तिला घेऊन जाईल की इथंच टाकून जाईल, हे मी ताडत होते.

वृंदाताई म्हणाल्या, की राणीच्या मनावर एका गोष्टीचं ओझं आहे, ती स्वतः सांगेल, तुम्ही शांतपणं ऐकून घ्या.

"गणितात गेली," हिंदुराव म्हणाले. "म्हाईत हाय मला."

आम्ही दोघी एकमेकींकडं बघायला लागलो.

निकालाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना कळलं होतं. हायस्कुलाचे हेडमास्तर दूध न्यायला डेअरीवर आले, पेढ्यांचा बॉक्स बघून त्यांनी हिंदुरावांना बाजूला घेतलं. हिंदुराव सांगत होते ते कपातल्या चहाकडं बघत, अगदी हळू आवाजात. तोवर निम्म्या गावांत पेढे वाटून झाले होते. उरलेल्या निम्म्यांत न वाटता थांबले असते, तर का थांबलास म्हणून माणसांनी विचारलं असतं आणि सगळीकडं झालं असतं. म्हणून त्यांनी वाटणं पुरं केलं. हेडमास्तरांना हात जोडून गप्प राहायला सांगितलं. लोक अभिनंदन म्हणायचे, हे मान डोलवायचे.

"मग तिच्याशी का बोलला नाहीत?" वृंदाताईंनी विचारलं.

"ती आपुन हून सांगंल म्हणून वाट बघितली. मी काढलं असतं तर खोटं घावल्यावानी झालं असतं की ओ तिला."

आठवडाभर त्या घरात बाप आणि लेक एकमेकांसमोर बसून जेवत होते आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते. मला हसावं की रडावं कळेना. वृंदाताई उठल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. म्हणाल्या, हे आमच्याकडून जायला नको, तुमचं तुम्हीच बोला.

राणी बाहेर आली आणि बापापासून चार हात लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. रात्रभर पाठ केल्यासारखं म्हणाली, "आबा, मी नापास हाय."

"म्हाईत हाय."

"कवा कळालं?"

"दुसऱ्याच दिशी."

मला वाटलं होतं, ती आता त्यांच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही. तिचा चेहरा बदलत गेला आणि ती संतापली. शांत, घाबरट वाटणाऱ्या त्या पोरीच्या अंगात इतका संताप असेल असं मला वाटलं नव्हतं.

"म्हाईत हुतं, आनि मला बोलला न्हाईसा? मी घास गिळत नव्हतो, तुमी बघालता. सरपंच नारळ दिनार म्हणून तुमी नवी टोपी आणलासा. म्हाईत असून आणलासा?"

"तुजं तोंड ऱ्हावं म्हणून—"

"मी दोनदा पुलावर जाऊन आलो, आबा."

आदल्या दिवशी तिनं मला सगळं सांगितलं होतं, हे मात्र नव्हतं.

"एकदा सोमवारी," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "आनि एकदा काल. काल खालचं पाणी बघत हुबा ऱ्हायलो आनि मागनं पुन्याची गाडी आली. हात केला. डायवरनं थांबवली. तीत बसलो."

हिंदुराव तिच्याकडं बघत राहिले. मग ते वळले, खाली ठेवलेली पिशवी उचलली आणि दाराबाहेर निघून गेले. वृंदाताई त्यांच्या मागं दारापर्यंत गेल्या, पण तोवर ते शाळेच्या फाटकाबाहेर पडलेसुद्धा होते.

"गेले," राणी म्हणाली.

वृंदाताईंनी निरंजनला त्यांच्या मागं पाठवलं. येतील ते, असं मी राणीला म्हटलं, पण माझाच त्यावर विश्वास नव्हता. मी असे बाप बघितले होते, जे लाजेनं उठून जातात आणि मग परत यायची त्यांना आणखी लाज वाटते. राणी भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात धरला. पुलाचं एकदा तोंडातून निघालं होतं, आता ती ते परत गिळणार नाही, एवढंच मला पाहिजे होतं. बाप परत आला नाही तर ही मुलगी कुणाच्या जिवावर घरी जाणार, हे मला दिसत नव्हतं. वृंदाताईंना पण दिसत नसावं. त्या दारातच उभ्या होत्या.

फाटकाशी लक्ष्मणचा आवाज आला. तो कुणाला तरी नको नको म्हणत होता, मग म्हणेनासा झाला. हिंदुराव आत आले. त्यांच्या मागं निरंजन, त्याचा एक हात पुढं धरलेला आणि तोंड भरलेलं. हिंदुरावांच्या हातात दोऱ्यानं बांधायचा मिठाईचा बॉक्स होता, दोरा सुटलेला. त्यांनी वृंदाताईंपुढं बॉक्स धरला. मग माझ्यापुढं. आत पेढे नव्हते. केशरी रंगाच्या बर्फीच्या वड्या होत्या, नीट कापलेल्या.

वृंदाताईंनी वडी घेतली आणि विचारलं, "हिंदुराव, बर्फी कशाची?"

"पोरगी झाली," हिंदुराव म्हणाले.

मग ते राणीसमोर फरशीवर बसले आणि बॉक्स तिच्यापुढं धरला. तिनं लगेच हात पुढं केला नाही. ते तसेच धरून बसून राहिले.